यंदा कप नाहीत

२४ डिसेंबर
मातीची भांडी भाजायची भट्टी गेली! घेणारीने दोन माणसं आणली होती. शेडमध्ये नुसता चौकोनी डाग उरला. चाक मात्र विकलं नाही — चादरीत गुंडाळून बहिणीच्या माळ्यावर टाकलं. लेकाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुठलं मातीकाम! ह्यांच्या आजारपणानंतर त्याचाच आग्रह — घर विका, आमच्याकडे या. "आणि आई, माती थोडे दिवस बंद ठेव." एकसष्टाव्या वर्षी थोडे दिवस म्हणजे किती, ते नाही सांगितलं.

२६ डिसेंबर
दरवर्षी वर्ष सरताना शेजाऱ्यांना माझ्या हातचा एकेक कप. यंदा नुसत्याच कोरड्या शुभेच्छा. समोरच्या नर्सबाईंनी सवयीने हात पुढे केला! मग दोघीही ओशाळलो.

२८ डिसेंबर
अकरा खोकी. पाठ गेली कामातून.

२९ डिसेंबर
ह्यांनी एका खोक्यावर "भंगार" लिहिलं. आत माझे अगदी पहिले वाडगे! "वाकडे आहेत गं सगळे..." "मग मीही वाकडीच, मलाही टाका भंगारात!" फार ओरडले मी. दुपारभर अबोला. संध्याकाळी पाहिलं तर "भंगार" खोडून खाली लिहिलेलं — जपून.

३१ डिसेंबर
दिवसभर फोन. "नवं वर्ष, नवं घर, लेकासुनेची सोबत — नशीबवान आहात हो!" हो ना. हो ना. म्हणून म्हणून तोंड दुखलं. गुरुवारच्या मातीकामाच्या वर्गातल्या मैत्रिणीने लिहिलं, "तुझी जागा कुणाला देणार नाही." मोठं उत्तर लिहिलं, पुसलं, नुसत्या शुभेच्छा धाडल्या. नखांत मातीचा कण नाही. इतकी स्वच्छ नखं बघवत नाहीत.

१ जानेवारी, सकाळ
सूनबाईचा फोन. वाटलं, शुभेच्छांचा.
"आई, त्याने सांगितलंय ना तुम्हाला? मी ऑक्टोबरपासून माहेरी आहे. परत नाही जाणार."
"मग आम्हाला कशाला बोलावलं त्याने?" मी विचारलं.
ती म्हणाली, "घर खायला उठतं त्याला."
टेम्पो दारात आहे. किल्ली नव्या मालकांच्या हातात गेली. हे शीळ घालत दोऱ्या आवळतायत — कित्येक महिन्यांनी शीळ! सांगायचंय. अजून सांगितलं नाही.