रिप्रेसरला जागा सापडते

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

लागली! नोकरी लागली, आणि पहिला दिवस झकास गेला. सकाळी धाकट्या भावाने, बेसिलने, स्वतःच्या होडीतून मला खाडीपार सोडलं. फेरीबोटीत साडीची वाट लागेल म्हणे. वाटभर 'लॅबवाल्या मॅडम' म्हणून छळत होता. मीही सोडलं नाही. म्हटलं, सहा मेला तुझं लग्न आहे, त्याआधी अंगाचा मासळीचा वास घालव, नाहीतर कार्मेन वेदीवरून पळून जाईल. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, पण पापा गेल्यावर यानेच शाळा सोडून जाळं धरलं, म्हणून मी बी.एस्सी. झाले. तो हे कधी बोलून दाखवत नाही. मी मात्र विसरत नाही.

लॅब बोरिवलीला, खाडीच्या कडेला, एका बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याच्या इमारतीत आहे. साहेब डॉ. जयवंत केंकरे. सात वर्षं अमेरिकेत काढून आलेत, आणि बोलताना सारखा चष्मा पुसतात. मदतीला दत्ताराम, पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ. मालवणचा माणूस आणि मासे खात नाही! मला चक्कर यायचीच बाकी राहिली. त्याने पहिल्याच दिवशी मला 'चेडवा', म्हणजे पोरी, म्हणायला सुरुवात केली. बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आमचं काम काय ते काल बेसिलला समजावलं, तर माझंच डोकं साफ झालं.

जंतूंवर जगणारा एक विषाणू आहे. जंतूत शिरला की कधी तो त्याला लगेच फोडतो, तर कधी आपला डीएनए जंतूच्या डीएनएत जोडून तिथेच गप्प झोपतो. त्याला झोपवून ठेवतं त्याचंच एक प्रथिन, रिप्रेसर. ते विषाणूच्या डीएनएवर एका ठराविक जागी घट्ट बसतं, मग पुढचं काही वाचलंच जात नाही. एवढ्या लांबलचक दोरीत ती एवढीशी जागा त्याला सापडते कशी, हे डॉक्टरांना शोधायचंय. त्यांच्या मते ते दोरी उसवत नाही, बाहेरूनच तिच्या खाचा चाचपत जातं. बेसिल म्हणाला, त्यात काय विशेष, मीपण जाळ्यातली फाटकी जागा डोळे मिटून बोटांनीच शोधतो.

आमची परीक्षा सोपी आहे. विषाणूचा किरणोत्सारी डीएनए आणि रिप्रेसर एकत्र करून फिल्टरमधून गाळायचं. एकटा डीएनए खाली वाहून जातो, रिप्रेसरने धरलेला वर अडकतो. फिल्टर काउंटरमध्ये ठेवला की आकडा मिळतो. धरला असेल तर चोवीसशे, नसेल तर तीसेक.

आज डॉक्टरांनी गंमत दाखवली. झोपलेला विषाणू पोटात असलेल्या जंतूंची ताकासारखी गढूळ नळी त्यांनी वीस सेकंद जांभळ्या दिव्याखाली धरली. उन्हात जे किरण असतात तेच या दिव्यात जास्त असतात. त्याने रिप्रेसर सुटतो. दीड तासाने पाहिलं तर नळीत स्वच्छ पाणी. सगळे जंतू फुटले होते. मी टाळ्याच वाजवल्या.

१ मार्च, गुरुवार

अडचण आली. रिप्रेसर फक्त स्वतःचीच जागा धरतो, दुसरं काही नाही, हे दाखवायला प्रत्येक वेळी परका डीएनए भरपूर घालून बघावं लागतं. तो परदेशी साल्मन माशाच्या वीर्यातून काढलेला, बाटलीतून येतो. बाटली संपली. नवीन यायला परवाना, परवान्याला सहा महिने. डॉक्टर डोकं धरून बसले.

मी म्हटलं, साल्मनच कशाला हवा? आमच्या खाडीत बोय मासा आहे की! नर बोयच्या पोटात पांढरी गाबोळी असते, ती सगळी तीच वस्तू. डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले. दर सोमवारी बेसिलच्या जाळ्यातली गाबोळी बर्फात घालून आणायची असं ठरलं. गोराईच्या पोरीने अमेरिकेला उत्तर दिलं, काय समजलात!

१२ मार्च, सोमवार

बोय साल्मनसारखीच वागते. नुसता विषाणूचा डीएनए, २४१०. बोयचा डीएनए शंभरपट घातला तरी २३८०. रिप्रेसर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. डॉक्टरांनी मला चक्क चहा पाजला.

ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस सुरू आहेत. घरात मटण बंद, दोन्ही वेळा मासेच. गाबोळी मी नेते, उरलेली बोय आई कालवणात टाकते.

१९ मार्च, सोमवार

आज १९००. बोयचा डीएनए घातला की आकडा खाली येतो. म्हणजे रिप्रेसर विषाणूला सोडून बोयला जाऊन धरतोय.

डॉक्टर म्हणाले, भांडी नीट धुतली नसतील. मला राग आला. माझी भांडी आरशासारखी असतात. पुन्हा केलं, १८८०. तिसऱ्यांदा, १९१०. घरी परतताना होडीत बसवेना, उभीच राहिले. बेसिल ओरडला की पडशील.

२६ मार्च, सोमवार

१२४०.

मग बोरिवलीच्या बाजारातून वसईकडची बोय आणून तिचा डीएनए काढला. २३९०. म्हणजे भांडी स्वच्छ, हात स्वच्छ. आपल्याच बोयमध्ये ती जागा आहे, आणि आठवड्याला वाढतेय. डॉक्टर म्हणतात, जंतूंचा विषाणू माशात शिरूच शकत नाही, अशक्य. बरोबर आहे. मीही परीक्षेत हेच लिहिलं होतं.

संध्याकाळी दत्तारामला विचारलं, वापरलेले जंतू उकळून मारतोस ना? तो खाली बघायला लागला. उकळायचं मोठं भांडं दोन वर्षांपासून बंद आहे. साहेबांनी सांगितलं, मोरीत ओत. मोरी नाल्यात, नाला खाडीत. आणि नाल्याच्या तोंडाशी बोय जास्त मिळते म्हणून बेसिल जाळं तिथेच लावतो.

घरी आज कालवण होतं. मी जेवले नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला.

३ एप्रिल, मंगळवार

रक्त काढलं. माझं, दत्तारामचं आणि बेसिलचं. बेसिलला थाप मारली की लग्नाआधी तपासून घेतात. सुई बघून एवढा दांडगा माणूस पांढराफटक पडला, आणि एरवी मी महिनाभर हसले असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून डीएनए काढायला दोन दिवस लागतील. काल रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही.

६ एप्रिल, शुक्रवार

दत्ताराम, २४००. आयुष्यात मासा न खाल्लेला माणूस.

मी, १५००.

बेसिल, २१०.

फिल्टर काढला, परत ठेवला. काउंटर जेमतेम टिकटिक करत होता. मी तो हाताने बडवला. दत्ताराम धावत आला आणि म्हणाला, गो चेडवा, मशीन मोडशील.

डॉक्टरांनी आकड्यांचा कागद दोनदा तपासला. मग म्हणाले, योगायोग आहे, कुठल्याही डीएनएत तसं अक्षरांचं वळण निघू शकतं. मग महिन्यापूर्वी बोयमध्ये का नव्हतं? मी विचारलं. मोरीचं नाव काढलं तेव्हा चष्मा पुसायला लागले, आणि हे बाहेर बोललीस तर लॅबला कुलूप लागेल म्हणाले. लागू दे कुलूप!

आईला सांगितलं, खाडीचा मासा आजपासून बंद. ती म्हणाली, मग खायचं काय, विकायचं काय?

१७ एप्रिल, मंगळवार

आपल्या अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते. बेसिलच्याच जाळ्यातले. दुपारी बाहेर आले तर वलांडी ठिबकत होती. बोंबील नव्हते. बांबू रिकामे, खाली वाळूत पाणी. वास नाही, काही नाही, स्वच्छ पाणी. आई म्हणते मांजरांनी खाल्ले. मांजर एक काटाही न सोडता खातं होय?

मी हिशेब मांडलाय. शरीरात ती जागा एक असेल तर रिप्रेसर तिला झाकतो. जागा वाढत गेल्या आणि रिप्रेसर तेवढाच राहिला, तर काही जागा उघड्या पडणार. मग फुटायला दिवा नको. ऊन पुरे.

बेसिल सकाळी सहापासून उन्हात असतो.

२४ एप्रिल, मंगळवार

धाकू गेला. बेसिलच्या होडीवरचा त्याचा जोडीदार. रोज त्याच्याच ताटाला ताट लावून जेवणारा.

दुपारी होडीत उघड्यावर आडवा झाला होता. बेसिल बर्फ आणायला किनाऱ्यावर उतरला, अर्ध्या तासाने परत आला तर होडीत धाकू नव्हता. शर्ट होता, अर्धी चड्डी होती, खाली पाणीच पाणी. लोक म्हणतात, खाडीत पडला, भरतीने ओढला. बेसिल मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाला, बाय, शर्टाची सगळी बटणं लावलेली होती.

मी त्याला सगळं सांगितलं. सगळं. तो ऐकत राहिला, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तू थोडे दिवस रजा घे. माझा भाऊ! मला रडू आलं.

२८ एप्रिल, शनिवार

लॅबला कुलूप. डॉक्टर गावाला गेले, कधी येतील माहीत नाही. दत्ताराम दारात बसला होता. म्हणाला, देवळात नारळ ठेवला तुझ्या भावासाठी. जांभळा दिवाही डॉक्टर घेऊन गेले.

मी दिवसा छत्री घेते. पोरं मागे लागतात. बेसिलला टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, सगळं दिलं. टोपी होडीत पडून असते.

२ मे, बुधवार

कार्मेनकडे गेले. म्हटलं, लग्न रात्री करा. निदान संध्याकाळी, दिवे लावून. तिने पाणी दिलं, बस म्हणाली, आणि हळूच आपल्या आईला बोलावलं. दोघी माझ्याकडे कशा बघत होत्या!

चर्चपर्यंत बँड लावून चालत जायचं, सकाळी दहाला. पाऊण मैल. एक झाड नाही वाटेत.

४ मे, शुक्रवार

बेसिलच्या मानेवर हात फिरवला. ओलसर. घाम म्हणाला. घाम खारट असतो. मी चाखून— तो दचकला. खारट नव्हता.

५ मे, शनिवार

संध्याकाळी नवरदेवाच्या अंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायला बायका विहिरीवर गेल्या. बँड वाजतोय, पापा गेल्यावर आई पाच वर्षांनी नाचतेय. मी नाही गेले. जाळ्यांच्या कोठाराला खिडकी नाही. दार सागवानी आहे, कडी आतून. मोठं कुलूप आणलंय.

माफ कर, बेसिल. पण एक दिवस तरी.

६ मे, रविवार

आत आहोत. पापांचे बूट इथल्या पेटीत आहेत अशी थाप मारून त्याला नवरदेवाच्या कोटातच आत आणला, कुलूप घातलं, किल्ली दाराखालून बाहेरच्या गटारात ढकलली. आधी चिडला, दार बडवलं. आता पेटीवर बसलाय. मेणबत्ती आहे. म्हणतो, बाय, कार्मेन रडत असेल.

साडेदहा— बाहेर सगळा गाव. आई हाका मारतेय. दार तुटत नाही. बरं झालं.

कोणीतरी म्हणालं, वरून घुसू.

कौलांवर पावलं. नाही नाही— मी ओरडले, ऊन आत येईल, मरेल तो! बाहेर कोणीतरी म्हणालं, बिचारी.

पहिलं कौल काढलं. ऊन जमिनीवर, हाताएवढं. त्याला खेचलं कोपऱ्यात. तो येतो, लहान पोराला समजवावं तसा— जाऊ दे मला, म्हणतो, काही होत नाही बघ— हात उन्हात पुढे करत होता, मी चावले त्याला.

दुसरं. तिसरं.

जाळं टाकलं अंगावर, भोकंच भोकं त्याला— उपयोग नाही.

कोपरा उरला नाही. त्याला खाली पाडून वर मी आडवी झालेय. वही त्याच्या खांद्याशी. माझे पंधराशे, त्याचे दोनशे— मला वेळ लागेल जास्त. तेवढ्यात ढग येईल, कोणी चादर टाकेल— चादर टाका रे वरून!

ऊन पाठीवर. आधी भाजलं. आता भाजत नाही. गार.

बेसिल थांबला धडपडायचा. विचारतो, बाय, तुला एवढा घाम कसा, कोट भिजला माझा.

म्हटलं, उकडतंय ना रे. हलू नको. माझ्या खालून नुसता हलू न