शुद्धीवरचं बोलणं

प्रिय चिंगे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाईटच शंका आली असेल. घाबरू नकोस, आई घरातच आहे, आत झोपलीय. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर आईचा विषय निघाला की तुझ्याकडे लगेच दूध उतू जातं, नाहीतर दारावरची बेल वाजते, आणि तू "ताई, ठेवते गं" म्हणून मोकळी होतेस. पत्र ठेवलंस तरी ते टेबलावर तसंच पडून राहील. कधीतरी वाचशीलच.

माझ्या कामाला तू "तुझं ते फोनचं काम" म्हणतेस, आणि ते खरंच आहे. पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या माणसांना मी फोन करते. ताप आला का, जखम चिघळली का, पुन्हा भरती व्हावं लागलं का. उत्तरं कॉम्प्युटरमध्ये भरायची, आणि आमचे मोठे डॉक्टर त्यावरून शोधत बसतात की कुणाला त्रास होतो आणि कशाने. प्रश्न ठरलेले, पण माणसं ठरल्यासारखी उत्तरं थोडीच देतात! एका आजोबांना जखमेचं विचारलं की ते सुनेचं सांगायला लागतात. एका बाईंचे यजमान गेल्याचं मला फोन लावल्यावरच कळलं. मी ओशाळून माफी मागितली, तर म्हणाल्या, "अधूनमधून करत जा हो फोन. त्यांची चौकशी आता कुणीच करत नाही." अभ्यासासाठी त्यांचं प्रकरण तिथंच संपलं. मी मात्र अजून त्यांना फोन करते. थोडा वेळ यजमानांचं बोलतो, मग हवापाण्याचं.

मी या कामाला का लागले ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही बोलले नाही. बाबांच्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा तू सर्जरी शिकत होतीस. बाबा का-कू करत होते, आई सारखी डोळ्यांना पदर लावत होती, आणि मी मोठी असून भिंतीला टेकून उभी होते. तू बाबांचा हात धरलास आणि म्हणालीस, "करून टाकू या बाबा. मी आहे ना." ऑपरेशन छान झालं. बाबा खुर्चीत बसून पेपर वाचायला लागले, नर्सला "तू लग्न कधी करणार?" म्हणून छळायला लागले. आणि मग गाठ काढून आतडं जिथं शिवलं होतं, तो जोड आतून सुटला. ताप, पुन्हा ऑपरेशन, मशीन, आणि संपलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, सगळ्या नातेवाइकांच्या देखत आई तुला म्हणाली, "तुझ्या शहाणपणापायी माझा माणूस गेला." तू सर्जरी सोडलीस, आम्हाला सोडलंस, आणि आता अंधाऱ्या खोलीत बसून स्कॅन वाचतेस. एकदा मला म्हणाली होतीस, "इथं बरं आहे ताई. इथं कुणाचा हात धरून काही सांगावं लागत नाही."

इतकी वर्षं ही माहिती भरून मला एवढं कळलंय की जोड चांगल्या हातांचाही सुटतो. अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. एकदा धीर करून मी मोठ्या डॉक्टरांना बाबांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आपला अभ्यास शंभर जणांचं सांगतो. एकाचं सांगायला लागला की तो थापा मारतोय असं समजा." मला फार राग आला त्यांचा. तुझी काही चूक नव्हती, असं कुणीतरी शिक्का मारून द्यावं, अशी माझी वेडी आशा होती.

मागे आई बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, ते मी तुला कळवलं होतं. तू "भूल कुठली दिली?" एवढंच विचारलंस. पण ऑपरेशननंतर तिला भ्रम झाला, ते तुला माहीत नाही. म्हाताऱ्या माणसांना होतो, तुला मी काय सांगणार. वॉर्ड म्हणजे तिला तिची शाळाच वाटायला लागली. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी पडल्या पडल्या हजेरी घ्यायला सुरुवात केली. नर्सेस हसत हसत "हजर, बाई" म्हणायच्या. राउंडला आलेल्या सर्जनला तिनं उशिरा आल्याबद्दल दारातच उभं केलं, आणि तो बिचारा राहिला की उभा! मीसुद्धा हसले. पण ऊन उतरलं की तिचा सगळा तोरा जायचा. माझं मनगट धरून मला "चिंगे" म्हणायची. "चिंगे, जेवलीस का? किती वाळलीस गं." पहिल्यांदा मी म्हटलं, "आई, मी ताई." तर इतकी बावरली, चोहीकडे बघून तुला शोधायला लागली. पुढं मी तिला दुरुस्त करायचं सोडून दिलं. आणि एका संध्याकाळी ती तुलाच म्हणाली, "त्यांना करायचंच होतं गं ऑपरेशन. मला म्हणाले, पोरगी सांगतेय म्हणजे चांगलंच असणार. मला कुणाला तरी बोलायचं होतं. देव काही समोर येत नाही. तू समोर होतीस."

तेव्हाच का नाही कळवलंस, म्हणशील. अगं, भ्रमातलं बोलणं कितपत खरं धरायचं? त्याच दमात तिनं मला खडू चोरल्याबद्दल झापलं होतं. ती ताळ्यावर आली तेव्हा तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मी चाचपून पाहिलं, "चिंगीला बोलवू का?" तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कशाला? तिला कामं असतील." मग मी तुझ्या हातात काय ठेवणार होते? एका आईनं दिलेलं दुसऱ्या आईनं काढून घेतलं असतं.

त्या दुखण्यानंतर ती पूर्वीची राहिलेली नाही. एवढ्या मोठ्या शाळेतल्या पोरांची नावं तोंडपाठ असलेली बाई आता शेजारणीचं नाव विसरते, आणि ते कळू नये म्हणून तिला "अहो वहिनी, अहो वहिनी" करत राहते. बोलता बोलता शब्द हरवतो. मग तो सापडेपर्यंत ती रागावल्यासारखं तोंड करून बसते. मी शब्द सुचवलेला तिला खपत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आईच्या आतड्यातही गाठ निघालीय, चिंगे. बाबांचंच दुखणं. सर्जननं सगळं नीट समजावलं: ऑपरेशन केलं तर काय, नाही केलं तर काय, तिचं वय, हृदय, आणि पुन्हा भ्रम होण्याची भीती. घरी आल्यावर आईनं मला विचारलं, "तू सांग, काय करू?" या दुखण्याचे सगळे आकडे मला पाठ आहेत, पण "कर" म्हणवेना आणि "नको" म्हणवेना. त्या दिवशी बाबांपाशी बसून तू काय करून गेलीस ते मला तेव्हा, इतक्या वर्षांनी समजलं. मी उगाचच पडदे सरकवायला उठले, तर आई मागून म्हणाली, "तिला विचार." मी मुद्दाम विचारलं, "कुणाला?" तर खेकसली, "आणखी कुणाला? घरात डॉक्टर काय पायलीला पन्नास आहेत?" पूर्ण शुद्धीवर होती, तुझी शपथ. मग हळू आवाजात म्हणाली, "ती म्हणेल तसं करू. आणि तिला सांग, पुढं काही बरंवाईट झालं, तरी तू..." इथं तिचा शब्द हरवला. मी वळून बघितलं. ती शोधत राहिली, ओठ हलवत राहिली. या वेळी रागावली नाही, तिचे डोळे भरून आले. शेवटी हात झटकून म्हणाली, "जाऊ दे. ती आली की आठवेल."

वाट बघणारी,
तुझीच ताई