गुरुवारचा ब्रिज

वॉटफर्ड, १४ ऑक्टोबर २००७

लाडक्या लीलूस,
तुला आणि हरीशरावांना आशीर्वाद. माझा गुडघा आहे तसाच. परसातले टोमॅटो संपले, हीटिंग सुरू केलं. आता खाली बस, मग पुढचं वाच.

गुरुवारी हे बीपीची गोळी विसरून लायब्ररीत ब्रिज खेळायला गेले. मी गोळी घेऊन मागोमाग. तिथली बाई म्हणते, इथे ब्रिज कधी नव्हताच! आणि नोटिसबोर्डावर एका पबच्या पोस्टरवर ह्यांचा फोटो. डोक्यावर हॅट!

तशीच त्या पबमध्ये गेले. तीन गोरे माइकभोवती उभे, बँजो, गिटार, मँडोलिन घेऊन. आणि मधोमध हे! खाली मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून, ह्यांच्या गुरुजींनी शिकवलं तसं. त्यांच्यापुरता एक माइक खाली लावलेला. ब्लूग्रास म्हणतात त्याला, अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं संगीत. लोक टेबलं बडवत होते आणि मी गोळी हातात धरून खुळ्यासारखी उभी.

बँजोवाला एरवी प्लंबर. ह्यांना तिथे जॅग म्हणतात. म्हणाला, "जॅग आठ वर्षं आमच्यात आहे. आमचं सगळ्यांचं असंच, आठवडाभर नोकरी आणि शनिवारी व्हॅनने बाहेरगावी कार्यक्रम." मला हे शनिवारचा ओव्हरटाइम सांगायचे! वर म्हणाला, "अमेरिकेतल्या केंटकीच्या बँडने त्याला कायमचं तीनदा बोलावलं. पण बायकोला व्हायोलिन सोसत नाही म्हणतो."

सोसत नाही असं नव्हतं गं. वाजवून पोट भरत नाही, हे आईचं बोलणं डोक्यात बसलेलं. लीलू, इथे येताना मी ते व्हायोलिन तुझ्याकडे ठेवलं, तेव्हा तुला सांगितलं की ह्यांनीच वाजवणं सोडलं. ह्यांना सांगितलं, विमानात गहाळ झालं.

काल रडत रडत ह्यांच्यापुढे कबूल केलं. हे चहा गाळत म्हणाले, "माहितीये. लीलाने तेव्हाच पत्र टाकलं होतं. मीच तिला म्हटलं, राहू दे तुझ्याकडे. इथे मी दुसरं घेतलं."

अठ्ठावीस वर्षं! दर दिवाळीला फोन करतेस, आणि एका शब्दाने बोलली नाहीस? मी काय वाघीण आहे?

आज सकाळी त्या प्लंबरला फोन केला. म्हटलं, केंटकीला कळवा, हे येतायत. तो म्हणाला, "सॉरी, लव्ह. त्यांनी गेल्या महिन्यात दुसरा माणूस घेतला."

हे शेजारीच उभे होते. म्हणाले, "असू दे." रागावले असते तर बरं झालं असतं.

जिच्या धाकाने घरात कुणी खरं बोललं नाही, ती
तुझी ताई