झंझट नसलेली बुखारी

बाबा,

आईला मी माझ्याकडे घेऊन जातेय. तुम्ही फिरून येईपर्यंत मुद्दामच थांबले नाही, भांडण झालं असतं. तिला धड श्वास घेता येत नाहीये आणि तुम्ही दिल्लीच्या हवेवर ढकलून मोकळे होता!

शिमल्याच्या पोस्टिंगमध्ये लागलेली हौस म्हणून तुम्ही फरीदाबादच्या घरात खोली तापवायला लाकडांची बुखारी बसवलीत. चार दुकानं पालथी घालून सगळ्यात कमी देखभालीची निवडलीत. तेव्हापासून येईल त्याला ऐकवता, "बिल्कुल झंझट नाही, राखसुद्धा पडत नाही."

पडते, बाबा. रोज घमेलंभर पडते. तुम्ही उठायच्या आत आई ती काढते, काच पुसते, तोंडाला पदर लावून धुराच्या पाइपातली काजळी झाडते. आज सकाळी मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. "त्यांना सांगू नकोस," म्हणाली. तीन हिवाळे ती तुमची फुशारकी सांभाळतेय.

मी तिला अर्ध्यावर उठवलं, त्यामुळे आजची राख तशीच आहे. खालचा ट्रे गरम असेल, फडक्याने धरा. राख कुठे टाकायची ते मला माहीत नाही. आईला फोन करून विचारू नका, बोलताना तिला धाप लागते.

चार वाजता आर. के. पुरमहून तुमचे ऑफिसातले सबनीसकाका बुखारी बघायला येतील. कोणती घ्यावी असं त्यांनी विचारलं, तर तो ट्रे त्यांच्यापुढे ठेवा आणि आधी विचारा, तुमच्या घरी तुमच्याआधी उठतं कोण?

नीरजा