थंडीत न सुटलेली गोळी

११ ऑगस्ट २००३
आज सरकारी रेंजवर जयरामने घडवलेल्या पिस्तुलातून दिवसभर गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही! घरी आला तेव्हा कानात अजून कापूस. मी विचारावं एक, त्याने सांगावं भलतंच. अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये आजवर मोटारींचे सुटे भाग करणारा माझा नवरा — आणि आता लष्कराला पिस्तूल! मालक किशोरशेठ म्हणाले म्हणे, "सगळ्या चाचण्या पार पडू दे जयराम, मग बघ."
सासूबाईंनी दृष्ट काढली. जयरामची नव्हे, पिस्तुलाच्या फोटोची.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी
कारखान्यात पूजा. दरवर्षीप्रमाणे सगळ्यांची बायकामुलं आली होती. लेथला झेंडूच्या माळा. मधल्या टेबलावर तांबड्या कापडावर, चाचणीला जायचं पिस्तूल.
सासूबाई निफाडच्या शेतकरी घरातल्या. नांगर-कोयत्याची करतात तशीच पूजा केली. हळद, कुंकू आणि मग पिशवीतून खोबरेलाची बाटली! फट दिसेल तिथे थेंब.
"लोखंडाला बी तहान लागती, बाबा."
फिटर लखन म्हणाला, "आजी, भजी तळायचीत का?" सगळे हसले, जयरामसुद्धा. मग त्याने ते वरून पुसून पेटीत ठेवलं. परवा सील लागून जाणार.

१९ डिसेंबर
वाळू, चिखल, पाणी — तिन्ही चाचण्या पार. उरली थंडीची. पिस्तूल उणे तापमानात गोठवून मग झाडतात.
जयराम जेवत नाहीये नीट.

२३ डिसेंबर
नाही सुटली गोळी.
शेठांनी माझ्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात फोन करून मलाच सांगितलं. जयरामला सांगायचा त्यांना धीर होईना म्हणे. घोडा पडतो, पण गोळीवर आपटणाऱ्या पिनचा ठोका लुळा बसतो. दर वेळी. मी कुणाच्या तरी अपघाताला मथळा देत होते. तो दिला, पान छपाईला सोडलं, मग रडले.

९ जानेवारी २००४
चाचणीचा नमुना परत आला. जयरामने तो शेडमध्ये एकट्याने उघडला. घरी आल्यावर आधी मोरीत गेला, साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. मग आईशेजारी बसला.
"काय निघालं रं?"
"पिनची स्प्रिंग कमी पडली, आई. माझा हिशेब चुकला."
शेठांनाही हेच लिहून दिलंय. शेठ म्हणाले, "आराखडाच चुकलाय म्हटल्यावर फेरचाचणी कोणत्या तोंडाने मागू?"
मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार?

१७ जून २००५
ऑर्डर परदेशी कंपनीला. बातमी माझ्याच टेबलावर आली. चार ओळींची. आतल्या पानात बसवली.
शेडमध्ये आता द्राक्षं कापायच्या कात्र्या होतात. निफाड-पिंपळगावला खप बरा आहे. नवीन आराखड्याचं काम शेठ बाहेरच्या माणसाला देतात. जयराम कात्र्यांना धार बरोबर आहे की नाही, तेवढं बघतो. अंबडमध्ये त्याला आता 'स्प्रिंगसाहेब' म्हणतात. लखननेच पाडलेलं नाव. जयराम त्यालाही ओ देतो.
कधी कधी मला राग येतो त्याचा. एवढी वर्षं घातलीस त्यात, एक स्प्रिंग नीट मोजता आली नाही?
हे इथेच लिहिते. तोंडाने कधी म्हणणार नाही.

३ नोव्हेंबर २००७
सासूबाई गेल्या. पिस्तुलाचा फोटो शेवटपर्यंत देव्हाऱ्यात होता. परवाही म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या हातची पूजा हाय त्याला. वाया नाय जायची."

२० जानेवारी २००८, निफाड
गावच्या घरातली सासूबाईंची खोली आवरायला आलोय. कडाक्याची थंडी. द्राक्षांना ऊब मिळावी म्हणून लोकांनी बागांत शेकोट्या पेटवल्यात.
सकाळी केसांना तेल लावायला कोनाड्यातली त्यांची खोबरेलाची बाटली घेतली. उलटी केली. थेंब पडेना. आत पांढराशुभ्र दगड. उन्हात ठेवायला अंगणात गेले.
तिथेच उभी राहिले, बाटली हातात धरून.
फट दिसेल तिथे थेंब!
स्प्रिंग बरोबर होती. त्याचा हिशेब बरोबर होता. ही सगळी वर्षं!
सांगू का त्याला? आई गेल्यावर आता? सांगायलाच हवं. चूक आपली नव्हती, एवढं तरी त्याला कळू दे.

२१ जानेवारी
सांगितलं. तो कपाटातले कपडे बाहेर काढत होता. हात थांबले नाहीत.
"पिन काढली तेव्हाच खोबऱ्याचा वास आला होता."
"मग लिहून का नाही दिलंस? फेरचाचणी मिळाली असती!"
"मिळालीही असती. पण तेल कुणी घातलं, हे आधी विचारलं असतं."
आईचं लुगडं त्याने घडी घालून माझ्या हातात दिलं.