शंकरपटासाठी सोडलेली भाकर

५ जानेवारी १९५७

आष्टीचा शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत, जवळ आला! आमचे बैल हरण्या-चंद्या नुसते उधळून राह्यले. अन् आबा मला म्हणतात, "बैल झकास, हाकणारा जड. छकडीवर कडूबा न्हाई, पोतं बसतं. यंदा धर्मराज हाकील." धर्मराज म्हणजे चुलत्याचा पोरगा, नुसता हाडकुळा. गोऱ्हे होते तवापासून मी सांभाळले, अन् हाकणार तो? बिलकुल न्हाई! आजपासून भाकर बंद. दोन टाईम वाटीभर ताक — बस्स!

८ जानेवारी

भूक. लिहवत न्हाई.

११ जानेवारी

तीर्थपुरीच्या बाजारात आडत्याच्या काट्यावर, पारड्यात बसलो. मागल्या बाजारी मोजलं होतं त्याहून पाच सेर कमी! हमाल हसले. हसू द्या! घरी आबांनी कासरा माझ्या हातात दिला. मीच हाकणार!! बायको, झुंबर, म्हणली, "अवो, डोळे किती आत गेले. निदान अर्धी तरी खा." ताट सरकवून दिलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळसुद्धा न्हाई! उठलं की गरगरतं, पायात गोळे येतात. सकाळी चंद्या जरा आडला — मी चाबूक मारला. जन्मात पहिल्यांदा! माझं मलाच कळंना, असं का केलं. पण आता पट परवावर आला!

१६ जानेवारी

आष्टीत काय गर्दी! हलगी कडाडून राह्यली, माझी छाती तिच्याहून जोरात! झेंडी पडली, जोडी सुटली — आम्ही पुढं! "कडूबाची जोडी! कडूबाची जोडी!" लोक ओरडून राह्यले. अन् मंग एकदम हातातली ताकदच गेली. कासरा सुटला. डोळ्यापुढं काळं.

शुद्धीवर आलो तर धर्मराज तोंडावर पाणी मारून राह्यला. बैल कुणाच्या तरी हरभऱ्यात घुसले होते, त्यानंच धरून आणले. चंद्याचा गुडघा फुटला. आबा एवढंच म्हणले, "जड होतास तवा कासरा तरी सुटत नव्हता रे."

१८ जानेवारी

झुंबर आडावर घेरी येऊन पडली. सुईण द्वारकाबाई आल्या. तिला तपासून मला म्हणल्या, "दिवस गेलेत हिला. अन् मालक उपाशी म्हणून ही बी नुसत्या ताकावर! अजून काही बिघडलं न्हाई. जल्दी खाऊ घाला."

मला पत्ताच न्हाई! दुधात भाकर कुस्करली, वाटी तिच्यापुढं धरली. "तुम्ही आधी," म्हणली.

न्हाई. आधी तू.