रॉकेट डावीकडे वळत नाही

जुळे सोलापूर,
श्रावणातला पहिला शनिवार

तीर्थस्वरूप मानसिंगदादांना धाकट्या केसरचा वाकून नमस्कार.

ज्ञानबाच्या पिकअपमधून पाठवलेलं परवा पोचलं, ते असं: केळीचा घड एक (खालची फणी काळी पडलेली, ती आधी संपवली), शेंगा चार किलो, तूप एक बरणी, हमाली वीस रुपये. वैशाखात याच गाडीतून तुम्ही कुत्र्याचं पिल्लू पाठवलंत, त्याची पोच द्यायची राहिली होती ती आज देते. पिल्लू एक, कारवानी, लांब पायांचं, पोचलं. त्यापायी आजवर डॉक्टरांच्या सुया, पट्टा, अंडी आणि यांची एक चप्पल धरून दोन हजार आठशे चाळीस. वहिनींचा गुडघा कसा आहे? जिना टाळा म्हणावं. माझी प्रकृती विचाराल तर छाती धडधडते, बाकी बरी.

फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. फोनवर बोलले की माझा आवाज कापतो, आणि पिल्लू पायाशी बसलेलं असतं. त्याच्या कानावर जाऊन चालायचं नाही.

तुमच्या भाचीनं, उत्कर्षानं, पिल्लू राखणीला मागितलं असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. मोठं झालं की त्याला छातीपट्टा घालून लांब दोरीनं सायकलला जोडायचं. तो पुढं पळणार आणि ही मागं सायकलवर. याला म्हणे बाइकजोरिंग म्हणतात. (टांग्यासारखंच की, असं मी म्हटलं. पण टांग्याच्या घोड्याला झापडं असतात, त्याला मांजर दिसत नाही.) दीड वर्षाचा होईपर्यंत ओढायला लावायचं नाही, हाडं कोवळी असतात, तोवर त्याला जगाची सवय लावायची. आणि सवय लावायची वेळ आली तशी बाईसाहेबांना पुण्यात नोकरीचं ट्रेनिंग लागलं आणि दोरीचं टोक माझ्या हातात आलं. लहानपणी उसातल्या काळ्या कुत्र्यानं मला बांधावरून थेट विहिरीपर्यंत पळवलं होतं, ते तुम्ही पाहिलंय. (हसत होतात, तेही लक्षात आहे.)

जाताना तिनं फ्रिजवर यादी चिकटवली: कुकरची शिट्टी, छत्री, हेल्मेटवाला माणूस, दाढीवाला माणूस, रिक्षा, बँड, गटाराची जाळी. रोज एक नवी गोष्ट दाखवायची, लांबून, खाऊ देत देत. आणि खाली लाल शाईनं: बरोबरचा माणूस घाबरला तर पिल्लू घाबरायला शिकतं. दादा, घाबरू नकोस असं मला जन्मभर पुष्कळांनी सांगितलं, पण लेखी कुणी दिलं नव्हतं.

सुया पूर्ण होईपर्यंत त्याला जमिनीवर सोडायचं नव्हतं, म्हणून भाजीच्या पिशवीत घालून मंडईत न्यायची. ओठांत देवाचं नाव आणि चेहऱ्यावर हसू, अशी मी उभी. बजाबाई भाजीवाली म्हणाली, "काकी, पिल्लू लई धीराचं हाय की. तुमीच का थरथरताय? थंडी वाजतीया व्हय?" भर ज्येष्ठातल्या उन्हात!

सुया झाल्या आणि त्याला पायी फिरवायची वेळ आली. मोकळ्या रस्त्यानं न्यायचं धाडस होईना, तेव्हा कोपऱ्यावरच्या दत्ताच्या औदुंबराला सकाळ-संध्याकाळ एकवीस प्रदक्षिणा घालायचं ठरवलं. पुण्य लागेल, पिल्लूही फिरेल, आणि दत्तमहाराजांना कुत्र्यांचं वावडं नाही. (फोटोतली त्यांची चार कुत्री जागची हलत नाहीत, ती गोष्ट वेगळी.) महिनाभर एक दिवस चुकवला नाही.

गेल्या रविवारी उत्कर्षा आली. सायकल हातात धरून, याला बाजूनं चालवत 'उजवीकडे', 'डावीकडे' शिकवू लागली. उजवीकडे म्हणायच्या आत हा उजवीकडे. डावीकडे म्हटलं की आधी माझ्याकडं बघायचा, आणि मग उजवीकडेच. आमचं फाटक डाव्या हाताला, तर हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे असा सगळ्या बंगल्यांना वळसा घालून फाटकात शिरला. हे गच्चीवरून म्हणतात, "आला ना घरी? मग झालं की!" उत्कर्षा म्हणाली, "आई, तू याला नक्की शिकवलंस काय?" मी म्हटलं, "संस्कार."

ती हसत पुण्याला गेली, पण माझ्या तोंडचं पाणी पळालंय. आपण रस्त्यावर डाव्या हातानं चालतो, उजवीकडून उसाचे ट्रॅक्टर येतात. पुढच्या वर्षी ही याला सायकलला जोडेल, समोर ट्रॅक्टर बघून 'डावीकडे' म्हणेल, आणि हा अगदी भक्तिभावानं उजवीकडे वळेल. माझ्या पोरीला ट्रॅक्टरवाला नाही मारणार दादा, माझ्या एकवीस प्रदक्षिणा मारतील.

उलटं फिरवून बघावं म्हणून सोमवारी औदुंबरापाशी गेले. एक पाऊल उलटं टाकलं आणि लगेच मागं घेतलं. तिथंच कान धरून माफी मागितली. पारावर शेजारचे विरुपाक्षअप्पा बसले होते, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अवो ताई, मग महादेवाला जावा की. तितं निम्मंच जायचं. गोमुखाचं पाणी वलांडायचं न्हाय, आल्या वाटंनं मागं फिरायचं. जाताना उजवं, येताना डावं. देव बी राजी, कुत्रं बी राजी."

उद्यापासून मागच्या मैदानातल्या महादेवाला बाहेरून फिरवणार आहे. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. तेव्हा मागणं एवढंच, की पुढच्या खेपेला ज्ञानबाबरोबर रॉकेटला परत घेऊन जा. (हे नाव तिनं ठेवलं. मी हाक मारली की शेजारी आकाशाकडं बघतात.) उत्कर्षाला सांगू, मामाला राखणीला हवा होता.

तुमची,
केसर

ता.क. लिफाफा आणायचा राहिला, त्यात बारा दिवस गेले. रॉकेट डावीकडे वळायला लागला! एका शब्दात वळतो. उत्कर्षाला कळवलं तर फोनमध्ये अशी ओरडली की मी फोन लांब धरला.

ता.क. दुसरा. तिला निम्मंच सांगितलंय. आता वाहतं पाणी दिसलं की हा थांबतो आणि मागं फिरतो. नळाची धार असो, टँकरची गळती असो. काल समोरच्यांनी गाडी धुतली तर आम्ही अर्धा तास रस्त्यातच उभे, घरी येता येईना. विरुपाक्षअप्पा त्याला हात जोडतात. पण सायकल जोरात असताना हा असा थांबला तर माझी पोर याच्या डोक्यावरून पलीकडं जाईल.

ता.क. तिसरा. म्हणून वर परत न्या म्हटलंय ते खोडून वाचा. आम्ही दोघं आठ दिवसांसाठी येतो, मी आणि रॉकेट. तुमच्याकडं पंपाचं पाणी पाटानं वाहतं; रोज थोडं थोडं, खाऊ देत देत, त्याला पाटापलीकडं न्यायचं. मी बरोबर हवीच, मी नसले तर तो घाबरतो. उत्कर्षाला बोलू नका. फक्त तुमची ती दोन मोठी कुत्री आठ दिवस गोठ्यामागं बांधून ठेवा. त्याला काही वाटायचं नाही. पण त्याच्यासमोर मला घाबरता येत नाही. बांधाल की नाही, तेवढं उलट टपाली कळवा.